दुप्पट डाव आणि पत्तेमोजणी

दुप्पट डाव (मार्टिंगेल) : हरल्यावर पुढची पैज दुप्पट करून सगळी तूट एका विजयात भरून काढण्याची पद्धत. १०० रुपयांपासून सुरुवात करून सलग सात वेळा हरल्यास १२,७०० रुपये जातात आणि आठवी पैज १२,८०० रुपयांची होते, तीही निव्वळ १०० रुपयांच्या नफ्यासाठी. पैज वाढवल्याने जिंकण्याची शक्यता वाढते, हा भ्रम घातक आहे.

ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळातील पत्तेमोजणीला मात्र गणिताचा आधार आहे. वाटलेले पान कॅट पुन्हा पिसेपर्यंत परतत नाही. २ ते ६ ही पाने गेल्यास अधिक एक, दश्शी, चित्रे व एक्के गेल्यास उणे एक धरतात. बेरीज चढली, म्हणजे मोठी पाने जास्त उरली, की पैज वाढवतात. एडवर्ड थॉर्प यांनी १९६२ च्या ‘बीट द डीलर’ या पुस्तकात पत्तेमोजणीचे गणित मांडले.

चंद्रपूर-गडचिरोलीतील कोंबडबाजारात पायाला काती (धारदार पाते) बांधलेल्या कोंबड्यांवर पैसा लागतो. तेथे मोजायला पाने नसतात. उरतो दुप्पट डावच, आणि धान विकून आलेला पैसा त्यात बुडतो. प्राण्यांना झुंजवणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. ब्लॅकजॅक जिथे खेळतात त्या कॅसिनोंसाठीचा महाराष्ट्राचा १९७६ चा कायदा कधीच अमलात आला नाही; २०२३ मध्ये तो रद्द झाला.