रांगेचा न्याय

कोंकण रेल्वेचा मार्ग १९९८ च्या जानेवारींत सलग सुरू झाला, तरी तो आजही बहुतांशीं एकेरी आहे. त्यामुळें समोरची गाडी येईपर्यंत चिपळूण स्थानकांत थांबून राहणें तेथील प्रवाशांस नवीन नाहीं. एका तुकड्यावर एका वेळीं एकच गाडी, आणि तीही पुढील स्थानकाची संमति मिळाल्यावर, हा एकेरी मार्गाचा मूळ नियम होय. संगणकांतही हाच प्रश्न उद्भवतो. सामाईक माहितीस एका वेळीं एकानेंच हात कसा लावावा, याचें उत्तर डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनीं १९६५ सालीं प्रसिद्ध केलें; आणि याच कामीं योजिलेल्या आपल्या साधनास त्यांनीं रेल्वेच्या सिग्नलाचें 'सेमाफोर' हें नांव दिलें.

संगणकाचा सर्व कारभार पाहणारा मूळ प्रोग्राम म्हणजे कर्नल. लिनक्सच्या कर्नलमध्यें 'स्पिनलॉक' नांवाचें कुलूप आहे. तें सुटेपर्यंत वाट पाहणारा प्रोसेसर निजत नाहीं, 'सुटलें काय?' असें पुनःपुन्हां पाहत राहतो. वाट क्षणभराचीच असेल तर हा मार्ग स्वस्त पडतो. पूर्वीं कुलूप सुटतांच जो झडप घालील त्याचें तें होई, व एखाद्यास फार तिष्ठावें लागे. २००८ सालीं निक पिगिन यांच्या योजनेनें प्रत्येकास क्रमांकाची चिठ्ठी मिळूं लागली, व रांगेस न्याय आला.

परंतु रांगेंतील प्रत्येक जण जागा आहे, असें या न्यायांत गृहीत होतें. व्हर्च्युअल मशीनमध्यें तें टिकत नाहीं. तेथें एका खऱ्या यंत्रावर अनेक कल्पित यंत्रें नांदतात, व त्यांच्या प्रोसेसरांस खरा प्रोसेसर पाळीनें मिळतो. कुलूप हातीं असतांच एखाद्याची पाळी संपली, तर बाकीचे व्यर्थ फिरत राहतात. हा दोष जर्मनींतील कार्ल्सरूहच्या संशोधकांनीं २००४ सालींच दाखविला होता. चिठ्ठीनें तो वाढविला. कारण ज्याचा क्रमांक आला तोच निजलेला असेल, तर मागचे जागे असूनही खोळंबतात.

उणीव होती ती संमतीची. वरच्या कर्नलाची अडचण खालच्या व्यवस्थापकास कळत नव्हती. जेरेमी फिट्झहार्डिंग यांनीं आरंभिलेलें व राघवेंद्र के. टी. यांनीं पुढें नेलेलें काम २०१३ सालीं लिनक्समध्यें आलें. त्या योजनेंत वाट पाहणारा थोडें फिरून आपला वेळ खालीं परत करतो, आणि कुलूप सोडणारा पुढच्यास जागें करवितो. २०१५ सालीं नव्या रांगेचें कुलूप आलें; पण ज्या कल्पित यंत्रास खालून असें साह्य नाहीं, तेथें कर्नल रांग मोडून पुन्हां झडपेचीच रीत पत्करतो! उलटपक्षीं, प्रत्येक कल्पित प्रोसेसरास स्वतंत्र खरा प्रोसेसर दिला असल्यास तशी सूचना देण्याची सोय २०१८ पासून आहे, आणि तेथें साधी रांगच चांगली ठरते.

म्हणून एका यंत्रावर उत्तम ठरलेली मांडणी दुसऱ्यावर डोळे मिटून लावूं नये, असें आम्हांस वाटतें. रांगेचा नियम आम्ही न्याय्य मानतों. तथापि रांगेंत कोण जागा आहे व कोण निजला आहे हें पाहिल्यावांचून तो लावला, तर जागणाऱ्यांचाच वेळ फुकट जातो.