मधल्या खोलीचं भोक : लष्करातल्या एका मराठी घराचं सरपण

दोन वर्षांपूर्वी आमचा लष्करातला वाडा विकला. सौदा पक्का होण्याआधी ठेकेदार भिंती ठोकून पाहत घरभर फिरत होता. मधल्या खोलीत तो थांबला. दाराच्या चौकटीवर, छताच्या पटियांच्या जरा खाली, भिंतीत वीतभर रुंदीचं एक आरपार भोक होतं. त्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "ये छेद काहे का है? रोशनदान तो लगता नहीं."

मला सांगता आलं नाही. लहानपणापासून ते भोक मी पाहत आलो होतो. चिमण्या त्यात घरटं करायच्या आणि आजी ते लगेच काढून टाकायची. एरवी चिमणीच्या घरट्याला हात न लावणारी आजी तिथलंच का काढते, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. त्या भोकाचा शोध घेता घेता मी आमच्या घराच्या सरपणाच्या इतिहासात शिरलो. आपल्या मंडळात सरदार घराण्यांवर, गायकीवर, छत्र्यांवर उत्तम निबंध झाले आहेत. जळणावर एकही नाही, म्हणून हा प्रयत्न.

आधी एक साधी गोष्ट लक्षात घेऊ. पुण्या-साताऱ्याकडून शिंद्यांबरोबर इकडे आलेल्या घरांना चूल ठाऊक होती, न्हाणीघरातला तांब्याचा बंब ठाऊक होता, अंगणातली शेकोटी ठाऊक होती. पण राहती खोली विस्तवानं उबदार ठेवायची, ही सवय त्यांना नव्हती. देशावर थंडी घोंगडीत भागते. ग्वाल्हेरची थंडी तशी भागत नाही. इथे डिसेंबर-जानेवारीत धुकं आठ-आठ दिवस उठत नाही आणि रात्री पारा चार-पाच अंशांवर येतो. त्यात आपले वाडे मधल्या उघड्या चौकाचे, दगडी फरशीचे, वर दगडाच्याच पटियांचं छत. मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशांत हे घर सुख देतं, पण पौषात तेच दगड अंगातली ऊब ओढून घेतात.

1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या दक्षिणेला कायमची स्थिरावली आणि छावणीचंच शहर झालं. लष्कर हे नाव त्यातून आलं. शिंदे की छावनी, चिटणीस की गोठ, फालका बाजार ही नावं आजही चालू आहेत. लक्कडखाना हे नावही तसंच. त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. इतक्या माणसांच्या चुली रोज पेटायच्या तर लाकडाला शहरात हक्काची जागा लागणारच.

आमच्या भाषेनंही याची नोंद ठेवली आहे. देशावर लाकूड वखारीतून येतं, आमच्याकडे ते टालेवरून यायचं. गोवरीला आम्ही कंडा म्हणायला लागलो. शेकोटीचा अलाव झाला. शेगडी मात्र शेगडीच राहिली, शेजारी तिला अंगीठी म्हणत असले तरी. बंबही बंबच राहिला, कारण शेजाऱ्यांकडे तो नव्हताच. जे आपण बरोबर आणलं त्याला आपला शब्द टिकला, जे इथे शिकलो त्याला इथला लागला.

आता खरेदी. आजीचा नियम एकच होता : वर्षाचं लाकूड वटपौर्णिमेच्या आत घरात पडलं पाहिजे. नियमाला कारण होतं. लाकूड वजनावर विकलं जायचं, आणि ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाग पाणीच असतं. ज्येष्ठाच्या उन्हात तापलेल्या लाकडात ते पंधरा-वीस टक्क्यांवर येतं. ओलं लाकूड घेणारा दोनदा फसतो. आधी पाण्याचे पैसे मोजतो, मग ते पाणी उडवण्यात विस्तवाची धग घालवतो. वर धूर होतो तो वेगळाच.

आमच्याकडे पाऊस जूनअखेरीस पोचतो, म्हणजे वटपौर्णिमा ही अगदी वेळेवरची खूण. पण इथे दोन पंचांगांची गंमत होती. आपला महिना अमावास्येला संपतो, इथला पौर्णिमेला. वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून आपल्याकडे अजून पंधरा दिवस ज्येष्ठच असतो, टालवाल्याचा मात्र आषाढ लागलेला असतो. एका वर्षी आजी आजारी होती आणि खरेदी लांबली. ती टालेवर गेली तेव्हा टालवाला म्हणाला, "माँजी, असाढ लग गया, अब सूखी कहाँ से लाऊँ?" आजी म्हणाली, "आमचा ज्येष्ठ चाललाय अजून." त्यानं हसून भाव कमी केला, पण लाकूड ओलंच दिलं.

टालेवर तीन बांबूंच्या तिकाटण्याला मोठा काटा टांगलेला असे. एका पारड्यात लाकूड, दुसऱ्यात वजनं आणि वजन म्हणून चालणारे दगड. आजी आधी रिकाम्या पारड्यांचा पासंग पाहायची, मगच लाकूड चढवू द्यायची. हिशेब मणाचा : चाळीस शेरांचा मण, म्हणजे आताचे सदतीस किलो आणि वर थोडं. 1962 पासून कायद्यानं किलो आले, तरी टालेवर आणि आजीच्या तोंडी मण पुढे बरीच वर्षं राहिला.

लाकडाची पारख हा तिचा विषय. पहिली पसंती करधईला. धावड्याच्या कुळातलं हे झाड ग्वाल्हेर, शिवपुरी, श्योपूरच्या खडकाळ जंगलाची ओळख आहे. उन्हाळ्यात ते मेल्यासारखं दिसतं आणि पावसाआधीच्या दमट हवेनंच हिरवं होतं, असं इकडे सांगतात. लाकूड जड, चिवट, कुऱ्हाडीला दाद न देणारं. पण त्याचा निखारा रात्रभर टिकायचा. त्याखालोखाल बाभूळ आणि खैर. आंबा लवकर पेटतो, लवकर विझतो, म्हणून तो बंबाला. सालईला डिंक फार, ती तडतडते आणि धुरावते. शेवगा म्हणजे पैसे पाण्यात. वड, पिंपळ, औदुंबर घरात जळणासाठी आणायचेच नाहीत. दोन टोकं एकमेकांवर आपटली की कोरडं लाकूड टणटणतं आणि ओलं बद्द वाजतं, हे मी तिच्याकडूनच शिकलो.

हे लाकूड येई नैर्ऋत्येच्या आणि पश्चिमेच्या जंगलातून, बैलगाडीनं आणि पुढे ट्रकनं. दोन फुटी रुळांची आमची छोटी गाडी 1899 मध्ये शिवपुरीला आणि 1909 मध्ये श्योपूरला पोचली. माझ्या लहानपणी त्या गाडीतून बायका मोळ्या घेऊन उतरताना मी पाहिल्या आहेत. त्या बहुतेक सहरिया समाजाच्या. पहाटे जंगलात जायचं, वाळक्या फांद्या गोळा करायच्या, डोक्यावर मोळी घेऊन स्टेशन गाठायचं आणि शहरात दारोदार फिरून विकायची. वर्षाची बेगमी टालेवरची असली तरी संपत आल्यावर आम्हीही त्या मोळ्या घ्यायचो, आणि घासाघीस करूनच घ्यायचो. टालेवर पासंग तपासणारी माणसं दारातल्या मोळीचं वजन कधी करत नसत, नुसत्या नजरेनं भाव पाडत. आमच्या उबेच्या हिशेबात ही बाजू लिहिलेली नाही, म्हणून इथे लिहितो.

साठवणीची कोठडी परसात होती. जमिनीवर दगडी पट्ट्या, त्यावर लाकूड; भिंतीपासून हातभर अंतर, म्हणजे वारा खेळतो आणि वाळवी लागली तर दिसते. जाड ओंडके खाली, फाटी वर, ढलप्या आणि काटक्या वेगळ्या टोपलीत. जुना माल पुढे, नवा मागे. पाऊसभर कोठडीत कोळशाचा आणि ओल्या मातीचा वास असे. आत हात घालण्याआधी काठी आपटायची, कारण विंचू. पाचर मारून ओंडके फोडायचं काम दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर. त्यासाठी घण-कुऱ्हाड घेऊन फिरणारे मजूर गल्लीत येत.

जाळण्याची रीत अशी होती. संध्याकाळचा स्वयंपाक उरकला की चुलीतले निखारे चिमट्यानं शेगडीत भरायचे. शेगडी आधी चौकात ठेवायची. निळी ज्योत आणि धूर पूर्ण जाईपर्यंत तिला आत आणायचं नाही. निखाऱ्यांवर राखेची पातळ साय आली की ती मधल्या खोलीत यायची आणि तिच्याभोवती घर बसायचं. उरलेला विस्तव राखेत पुरून सकाळच्या बंबासाठी जपायचा. राख भांड्यांना. एका लाकडातून स्वयंपाक, शेक, अंघोळ आणि भांडी, असं चक्र होतं ते.

धूर गेला की धोका गेला, असं सगळे समजत. इथेच चूक होती.

आजोबा घरखर्चाच्या वह्या शेवटपर्यंत मोडीत लिहीत. कोठडी रिकामी करताना त्या सापडल्या. मोडी वाचणाऱ्या एका मित्राला घेऊन मी लाकडाच्या नोंदी काढत होतो. दर ज्येष्ठात लाकूड, दिवाळीनंतर फोडणावळ, हे ठरलेलं. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीच्या एका वहीत माघात एक वेगळीच ओळ होती : मधल्या खोलीच्या भिंतीस भोक पाडणे, गवंडी, एक दिवस. मित्रानं ती दोनदा वाचली.

ती वही घेऊन मी धाकट्या आत्याकडे गेलो. तिचं वय आज नव्वदीच्या घरात. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग तिनं सांगितलं ते असं. तिची मोठी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पौष महिना, कडाक्याची थंडी. मधली खोली बाळंतिणीची केली. बाजेखाली शेगडी, तिच्यावर ओवा आणि बाळंतशेपा, अगदी देशावरच्या रिवाजाप्रमाणे. पण देशावर त्या खोलीचं दार रात्री किलकिलं असायचं. इथे गारठा आत येऊ नये म्हणून दार लावलं आणि फटींत चिंध्या कोंबल्या. करधईचा निखारा होता, रात्रभर टिकला. सकाळी दार ढकललं तेव्हा थोरली आत्या उलट्या करत होती आणि तिला उठता येत नव्हतं. बाळ गेलं होतं. बारा दिवसांचं.

"सगळ्यांनी म्हटलं, थंडीनं गेलं," धाकटी आत्या म्हणाली. "कुणी म्हणालं दृष्ट लागली. अण्णा काहीच म्हणाले नाहीत. महिन्यानं गवंडी आला."

कोंडलेल्या खोलीत निखाऱ्यांना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात प्राणवायूच्या जागी तो जाऊन बसतो, आणि प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट बसतो. धूर निदान खोकला आणून माणसाला जागं करतो, निखारा तेही करत नाही. आजोबांना या वायूचं नाव ठाऊक असेल असं मला वाटत नाही. पण दोष थंडीचा नव्हता, बंद खोलीचा होता, एवढं त्यांनी ओळखलं होतं. ते कुणाला म्हणाले नाहीत, कारण दार लावणारी आणि चिंध्या कोंबणारी माझी आजी होती. त्यांनी फक्त भिंत फोडली. आणि आजीनं उभ्या जन्मात त्या भोकात चिमणीचं घरटं राहू दिलं नाही.

पुढचा भाग थोडक्यात. आधी रॉकेलचा स्टोव्ह आला, मग सत्तरच्या दशकात गॅस, मग विजेचा हीटर. चंबळच्या घळींत विमानातून विलायती बाभळीचं बी टाकलं गेलं आणि टालेवर करधईच्या जागी तिच्या वाकड्या फांद्या दिसू लागल्या. 1980 च्या वनसंवर्धन कायद्यानंतर जंगलाचे नियम कडक झाले. छोटी गाडीही 2020 मध्ये थांबली. ज्या टाली उरल्या आहेत त्या मुख्यतः लग्नाच्या भट्ट्यांना आणि स्मशानाला लाकूड देतात.

तरीही हा विषय संपलेला नाही. दर जानेवारीत ग्वाल्हेरपासून दिल्लीपर्यंतच्या वर्तमानपत्रांत तीच बातमी येते : बंद खोली, अंगीठी, सकाळी दार उघडलं नाही. घरात कुणी शेगडी पेटवत असेल तर खिडकी उघडी ठेवायला सांगा, आणि झोपण्यापूर्वी ती बाहेर ठेवायला सांगा.

मंडळातल्या सभासदांना एक विनंती. लष्करातले जुने वाडे झपाट्यानं पडत आहेत. आपल्या घरात किंवा नातलगांकडे निजायच्या खोलीत, दाराच्या वर असं मागाहून पाडलेलं भोक दिसलं तर त्याचं माप घ्या, फोटो काढा आणि घरातल्या सर्वांत वृद्ध बाईला त्याबद्दल विचारा. ती लगेच सांगणार नाही. थोडं थांबावं लागेल.

आमची मधली खोली आता उरलेली नाही. भिंत पाडायच्या आदल्या दिवशी ठेकेदाराचा फोन आला होता, काही सामान राहिलंय का विचारायला. मी गेलो. कोठडीच्या कोपऱ्यात करधईचे पाच-सहा ओंडके होते, इतक्या वर्षांनी अजून टणटणणारे. ते मी घरी आणले आहेत. जाळलेले नाहीत.