जागेसकट दगड

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडच्या परिसरात देवटेक नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या एका शिळेवर दोन लेख कोरलेले आहेत. जुना मौर्यकाळाच्या सुमाराचा, प्राण्यांना पकडायला आणि मारायला मनाई करणारा; दुसरा काही शतकांनंतरचा, वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याच्या धर्मस्थानाचा. वा. वि. मिराशींनी या लेखांचा अभ्यास केला. त्यांत येणारं गावाचं नाव आणि देवटेकशेजारच्या आजच्या चिकमारा गावाचं नाव एकच, हे ओळखलं गेलं आणि शिळेला पत्ता मिळाला. ती शिळा आता नागपूरच्या संग्रहालयात आहे, आणि सुरक्षित आहे हे चांगलंच झालं. पण पुराव्याचा अर्धा भाग अजून शिवारातच आहे: चिकमारा कुठल्या दिशेला, पाणी कुठे, शिळा उभी होती तिथून काय दिसायचं. म्हणूनच चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत कॅमेरा घेऊन फिरणाऱ्यानं दगडाइतकाच, किंबहुना जास्त, त्याच्या जागेचा फोटो काढला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

आपली सवय उलटी आहे, आणि ती जुनी आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे जोसेफ बेगलर 1873-74 च्या दौऱ्यात वैनगंगेकाठच्या मार्कंड्याला पोचले आणि तिथल्या मंदिरांचे फोटो त्यांनी काढले. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनीही या देवळांचं तपशिलानं वर्णन केलं. वीज पडून मुख्य शिखराला हानी पोचली आणि पुढे गोंड राजांच्या काळात डागडुजी झाली, ही हकिकत अशा नोंदींमुळेच टिकली. अलीकडे तिथे जीर्णोद्धाराचं काम निघालं, तेव्हा दीडशे वर्षांपूर्वीचं एकेक चित्र मोलाचं ठरावं यात नवल नाही. मात्र मार्कंड्याला शिल्पं आहेत, त्यामुळे डोळा तिथे आपोआप थांबतो. चिमूर तालुक्यातल्या हिरापूरच्या शिलाप्रकोष्ठांवर ना मूर्ती, ना लेख. उभ्या दगडांवर टेकवलेली भलीमोठी आडवी शिळा, एवढंच. अशा महापाषाणांचा अर्थ त्यांच्या मांडणीत असतो: एकमेकांपासूनचं अंतर, तोंड कुठे, टेकडी आणि ओढा कुठल्या अंगाला. जवळून काढलेल्या सुंदर फोटोत यातलं काहीच उरत नाही. असा फोटो कुठल्याही माळावरचा म्हणून खपेल.

जागेचा फोटो काढायला कौशल्य लागतं, पण ते साधं आहे. दगडाशेजारी मापाची काठी, उत्तर दिशेची खूण, तारीख. मग एकेक पाऊल मागे सरत तीच चौकट मोठी करत न्यायची, शेवटी क्षितिज येईपर्यंत. ऋतूही निवडावा लागतो. पावसाळ्यात इथलं रान सगळं गिळून टाकतं. सागाची पानं गळली की जमिनीची चढउतार दिसू लागते, आणि मोहफुलं वेचण्यासाठी झाडाखालचा पालापाचोळा जाळून जागा साफ केली जाते तेव्हा जोत्याची एखादी ओळ उघडी पडते. सकाळच्या तिरप्या उन्हात बुजलेला खड्डासुद्धा सावली धरतो. आईन-ए-अकबरीत गडचिरोलीतल्या वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख आहे. अशा उद्योगाच्या खुणा शोधायच्या तर त्या भिंतींइतक्याच मातीतल्या खोलगट जागांतही शोधाव्या लागतात. उपग्रहावरून हे सगळं दिसेल असं कोणी म्हणेल. गर्द छत्राखालचं दिसत नाही, आणि दिसलं तरी हातभर उंचीचा दगड तिथून ओळखू येत नाही.

ताडोब्यात तर कॅमेऱ्यांचा सुकाळ आहे. तिथल्या रस्त्याकडेला गोंडकाळातले दगडी खांब उभे आहेत. त्यांवरून दोर नेऊन घंटांनी राजाच्या येण्याची वर्दी देत, अशी समजूत आहे. ती खरी की खोटी, हे खांबांमधली अंतरं आणि त्यांची रांग कुठून कुठे जाते हे ओळीनं टिपल्याशिवाय ठरवता येणार नाही. वाघ रस्ता ओलांडून जाताना हे खांब असंख्य फोटोंत मागे येतात, तेही धूसर. याची मला खरोखर हळहळ वाटते.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. फोटो आणि ठिकाण जाहीर झालं की गुप्तधनवाले कुदळी घेऊन येतात. भीती खरी आहे, पण खोदणाऱ्याला जागा बहुधा स्थानिक वाटाड्याच दाखवतो. फोटो नसला तर आधी काय होतं हे सांगायला मात्र काहीच उरत नाही. नेमकं ठिकाण सार्वजनिक न करता नोंद पूर्ण ठेवता येते. दुसरा आक्षेप मला अधिक पटतो: ही स्थळं विसरलेली कुणी म्हटलं? भामरागड, एटापल्लीकडे माडिया समाज आजही मृतांच्या स्मरणार्थ दगड उभे करतो. शेंदूर लावलेला, वर्षाला नैवेद्य मिळणारा दगड आपल्या पुस्तकांत नाही, एवढंच. तेव्हा आधी गावाची परवानगी, आणि फोटोसोबत गावानं सांगितलेलं नाव व हकिकत त्यांच्याच शब्दांत, ही अट पाळलीच पाहिजे.

आणि नोंदीची पहिली प्रत ग्रामसभेच्या दप्तरात जावी. वनहक्क कायदा 2006 चा, त्याचे नियम 2008 चे. सामूहिक हक्काच्या दाव्यासाठी त्या नियमांत स्थानिक समाजानं बांधलेल्या वास्तूंचे अवशेष, पवित्र झाडं, देवराया, तळी आणि दफनभूमी यांना पुरावा म्हणून स्थान आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून दाखवला. अशा दाव्यात नुसत्या दगडाचा फोटो दुबळा पडतो. मागे ओळखीचा डोंगर, बाजूला गावाची पाऊलवाट आणि खाली तारीख असेल, तर तो दगड त्याच गावाच्या शिवारात आहे हे तपासायला येणाऱ्या अधिकाऱ्याला जागेवर उभं राहून पडताळता येतं.