झोळी : बोरघाटाच्या पायथ्याशी दुखापत, विश्रांती आणि लेकरांचे संगोपन

कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्याचे समुद्रापासून आत, सह्याद्रीच्या भिंतीला टेकलेले दोन तालुके असून राजमाचीच्या डोंगराखालचे कोंडाणे, उल्हास नदीचे वरचे खोरे आणि बोरघाटाची चढण यांनी येथील जीवन घडवले आहे. या प्रदेशाचा इतिहास लेणी, किल्ले, घाटवाटा आणि लोहमार्ग यांच्या अंगाने पुष्कळ लिहिला गेला; मात्र ज्या माणसांच्या श्रमांवर हे सारे उभे राहिले, त्यांच्यापैकी कोणी पडले, कोणी भाजले, कोणाचे हाड मोडले, तेव्हा त्यांच्या घरातील तान्ह्या मुलांचे काय झाले, हा प्रश्न त्या इतिहासात क्वचितच येतो. येथील घरांत झोळी म्हणजे जुन्या लुगड्याची दोन टोके आढ्याला किंवा झाडाच्या फांदीला बांधून केलेला लोंबता पाळणा. आणि जेथे रस्ता पोचलेला नाही अशा वाडीतून आजारी वा जखमी माणसाला बांबूला कापड बांधून, चौघांच्या खांद्यावरून खाली आणतात, त्यालाही झोळीच म्हणतात. एकच कापड लेकराला जोजवते आणि मोडलेल्या माणसाला वाहून नेते, ही गोष्ट या प्रदेशाच्या एका मोठ्या अनुभवाची खूण आहे. तो अनुभव असा की, दुखापतीतून बरे होणे हे जितके औषधावर, तितकेच त्या काळात मूल कोणाच्या हातात राहील यावर अवलंबून होते.

शुश्रूषा हे कर्तव्य मानण्याची या परिसरातील सर्वांत जुनी खूण कोंडाण्याच्या लेण्यातच सापडते. इसवीसनापूर्वीच्या शतकांत खोदलेल्या या बौद्ध लेण्यात चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले उपासनागृह, आणि विहार, म्हणजे भिक्षूंचे निवासस्थान, अशी दोन मुख्य दालने असून चैत्यगृहाच्या दर्शनी भागात डावीकडे कोरलेल्या मूर्तीच्या शिरोभागाजवळ ब्राह्मी लिपीतील एक लहानसा लेख आहे. कान्ह याचा अंतेवासी बालक याने हे केले, एवढाच त्याचा आशय आहे. अंतेवासी म्हणजे जवळ राहणारा शिष्य; आणि विनयपिटकाच्या, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांच्या ग्रंथाच्या, दृष्टीने या जवळ राहण्यात आजारपणातील सेवाही येत असे, कारण गुरू आजारी पडल्यास शिष्याने आणि शिष्य आजारी पडल्यास गुरूने त्याच्याजवळ राहावे, असा नियम होता. याच ग्रंथात अतिसाराने पडून राहिलेल्या आणि कोणीही न विचारलेल्या एका भिक्षूची कथा येते. बुद्धांनी स्वतः त्याला आंघोळ घातली आणि संघाला समजावले की, घर सोडून आलेल्यांना शुश्रूषा करायला आईबाप उरलेले नसतात, म्हणून त्यांनीच एकमेकांकडे पाहिले पाहिजे. विहारात राहणाऱ्यांना जो नियम करून द्यावा लागला, तो डोंगराखालच्या गृहस्थांच्या बाबतीत नात्यागोत्यावर सोडलेला होता. आणि नातेगोते ज्या घरात तोकडे पडे, तेथे नियमही नव्हता आणि संघही नव्हता.

त्या गृहस्थांच्या दुखापती ऋतूंना बांधलेल्या होत्या. भात हे येथील मुख्य पीक असून रोपांची जागा भाजून तयार करण्याच्या पद्धतीला राब म्हणतात. त्यासाठी ऐन, किंजळ अशा झाडांवर चढून कोयत्याने फांद्या उतरवायच्या, त्या वाळवून शेतात पसरायच्या आणि पावसाआधी पेटवायच्या, असा क्रम असतो. झाडावरून पडणे, कोयता निसटून पायावर येणे आणि राब भाजताना पोळणे हे उन्हाळ्याचे अपघात, चिखलात दिवस काढून बोटांच्या बेचक्यांत पडणाऱ्या चिखल्या आणि बांधावरचा सर्पदंश हे पावसाळ्याचे, तर कापणीच्या विळ्याची जखम आणि पेंढ्यातील विंचू हे हिवाळ्याचे अपघात होत. मुका मार लागला, म्हणजे कातडी न फाटता आत दुखावले, तर आंबेहळदीचा लेप आणि शेक हा घरगुती उपाय असे. हाड मोडले तर हाडवैद्याला बोलावत, म्हणजे वंशपरंपरेने हाड बसवण्याची विद्या आलेल्या माणसाला. तो बोटांनी चाचपून हाड जागेवर आणी, पाल्याचा लगदा लावी, भोवती बांबूच्या कामट्या, म्हणजे पातळ चिरलेल्या पट्ट्या, ठेवून कापडाने घट्ट बांधी. पेराशी पेर जोडल्यासारखी दिसणारी कांडवेल, जिला हाडसांधी असेही म्हणतात, या कामी महत्त्वाची मानली जाई.

ही पद्धत ग्रंथांतील वैद्यकाशी जवळची आहे. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडाला बांबूच्या व वृक्षसालींच्या पट्ट्या बांधण्याची रीत सांगितली असून हाड सांधण्याचा काळही वयाप्रमाणे ठरवला आहे; बालवयात एक महिना, मध्यम वयात त्याच्या दुप्पट आणि उतारवयात तिप्पट, असे ते प्रमाण आहे. लहान मुलांचे आईबाप बहुधा मधल्या वयाचे असतात, तेव्हा त्यांच्या वाट्याला दोन महिने येतात; आणि पावसाच्या तोंडावर हाड मोडले तर हे दोन महिने म्हणजे भाताची अख्खी लावणी होय.

या दोन महिन्यांत घरात नेमके काय अडे, हे जवळून पाहिले पाहिजे. महाराष्ट्रात तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना बाई पाटावर बसून दोन्ही पाय समोर पसरते, बाळाला नडग्यांवर पालथे घेते, एका हाताने त्याचे डोके सावरते आणि दुसऱ्याने तेल चोळून पाणी घालते. पाय कामट्यांत असलेल्या आईला हे अशक्य, आणि हात बांधलेल्या आईलाही अशक्यच. झोळीची गाठ मारायला दोन हात लागतात, विहिरीचे पाणी ओढायला दोन हात लागतात, रांगते मूल चुलीपासून ओढून घ्यायला चपळ पाय लागतात, आणि मूल कडेवर घ्यायचे तर कंबर आणि खांदा दोन्ही शाबूत असावे लागतात. हाडवैद्याने हलू नको म्हणून बजावले तरी रडणारे मूल हलायला लावतेच, आणि वाकडे जुळलेले हाड वा पुन्हा उसवलेली जखम यांचे कारण पुष्कळदा वैद्याच्या हातात नसून या रडण्यात असते.

समाजाला बरे होण्याची गरज कळत नव्हती, असे मात्र म्हणता येणार नाही, कारण बाळंतिणीसाठी त्याने संपूर्ण व्यवस्था उभी केली होती. पहिले बाळंतपण माहेरी करणे, सव्वा महिना जड कामापासून दूर ठेवणे, बाजेखाली निखाऱ्याचा शेक देणे, डिंक, अळीव, खारीक यांचा खुराक देणे आणि बाळाची आंघोळ दुसऱ्या अनुभवी बाईने घालणे या सर्व रूढींत तीन गोष्टी ओळखलेल्या दिसतात: शरीर भरून यायला ठरावीक वेळ लागतो, त्या वेळी अन्न वाढवावे लागते आणि दुसऱ्याचे हात लागतात. गरीब शेतमजूर आणि आदिवासी घरांत हा सव्वा महिना कधीच पुरा मिळत नसे, तरी तो मिळायला हवा हे सर्वांना मान्य होते. पायाचे हाड मोडलेल्या आईसाठी अशी मुदत, असा खुराक आणि माहेरचे असे बोलावणे कोणत्याही रूढीने ठरवून दिले नव्हते. तिला शेजारीण, सासू किंवा थोरली मुलगी जेवढे देईल तेवढेच मिळे. रायगड किल्ल्यावरील हिरकणीची लोककथा या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. दरवाजे बंद झाल्यावर घरच्या तान्ह्यासाठी रात्री कडा उतरून गेलेल्या त्या गवळणीचे धाडस महाराष्ट्राने बुरुजाला नाव देऊन जपले आणि एसटी स्थानकांवरील स्तनपानाच्या खोल्यांनाही हिरकणी कक्ष हे नाव मिळाले. परंतु कथा ती बाळापाशी पोचते तेथे थांबते, आणि खरचटलेल्या अंगाने दुसऱ्या दिवशी तिने बाळाचे कसे केले, हे ती सांगत नाही.

दुखापतीचे प्रमाण एकदम वाढले ते बोरघाटाच्या लोहमार्गाने. कल्याणहून येणारी गाडी १८५६ मध्ये पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत आली, खंडाळा ते पुणे हा भाग १८५८ मध्ये सुरू झाला, आणि मधला घाट १८५६ ते १८६३ या काळात बांधला गेला. सुमारे २५ किलोमीटर लांबीच्या या चढणीवर २५ बोगदे आणि ८ मोठे दरीपूल करावे लागले. डायनामाइटचा शोध अजून लागायचा होता, त्यामुळे काळा कातळ पहारीने भोके पाडून, साध्या दारूचे सुरुंग ठासून फोडावा लागे, आणि सरळ कड्यांवर माणसे दोरांनी खाली सोडून ही भोके पाडली जात. जानेवारी १८६१ मध्ये कामावरील मजुरांची संख्या ४२,०००च्या वर गेली होती. त्या काळच्या रेल्वेकामांवर कुटुंबेच्या कुटुंबे येत. पुरुष खणे, बाई डोक्यावरच्या पाटीतून माती आणि दगड वाही, आणि मुले तळावर वा कामाच्या कडेला असत. पटकी, म्हणजे कॉलरा, आणि तापाने या तळांवर फार माणसे गेली.

या मजुरांच्या बाजूने कायद्याने काय केले, हे पाहिले तर त्याची मर्यादा स्पष्ट होते. १८५५च्या प्राणांतिक अपघात कायद्याने, दुसऱ्याच्या चुकीने माणूस मेल्यास त्याच्या पती वा पत्नीला, आईबापांना आणि मुलांना भरपाई मागता येऊ लागली होती; परंतु तेथे मूल दिसते ते मृत्यूनंतर, जिवंत पण अंथरुणाला खिळलेल्या बापाचे मूल त्यात नाही, शिवाय चूक सिद्ध करण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागे. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगा झाला, त्यानंतर आधीच्या कंत्राटदाराने काम सोडले, आणि १८६० मध्ये सार्वजनिक बांधकामांवरील मजुरीचे तंटे न्यायदंडाधिकाऱ्यापुढे झटपट चालवण्याचा कायदा झाला. त्यात मजुरी आली, दुखापत आली नाही. नवे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्येच, येथे येऊन थोड्याच दिवसांत मरण पावले, तेव्हा त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट आपल्या नावावर घेऊन अभियंत्यांकरवी ते पुरे करवले. कंत्राट पुढे चालू राहावे यासाठी कागद होता. पाटी वाहणाऱ्या बाईचा हात मोडला तर तिचे घर पुढे चालावे यासाठी तसा कागद निघायला आणखी कित्येक पिढ्या जाव्या लागल्या.

घाट पुरा झाल्यावरही अंगमेहनतीचे स्थलांतर थांबले नाही. कात तयार करण्यावरून नाव पडलेले कातकरी आदिवासी जंगल आखडत गेले तसे आधी कोळसाभट्टीवर आणि मग वीटभट्टीवर जाऊ लागले. दिवाळीनंतर निघायचे आणि पावसाआधी परतायचे, असा हा क्रम असून निघण्यापूर्वी मालकाकडून घेतलेल्या आगाऊ रकमेला उचल म्हणतात. भट्टीवर मजुरी हजार विटांच्या हिशेबाने आणि नवराबायकोच्या जोडीला मिळते. त्यामुळे जोडीतील एकाची बोटे चेंगरली किंवा पाय भाजला की दुसऱ्याचेही काम निम्म्यावर येते, उचल फिटत नाही आणि ती पुढच्या हंगामावर चढते. अशा वेळी आठ-दहा वर्षांची मुलगी आईच्या जागी चिखल कालवते किंवा धाकट्याला कडेवर घेते. दोन्हीकडे तिची शाळा सुटते. एका माणसाची जखम अशी घरातल्या सर्वांत लहान कामकऱ्याच्या अंगावर उतरते. १९७६च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली आणि उचलीपोटी माणूस अडकवून ठेवणे गुन्हा ठरले, तरी दुखापतीच्या काळात घर कसे चालेल याचे उत्तर त्यात नव्हते.

ते उत्तर तुकड्यातुकड्यांनी आले. १९२३च्या कामगार भरपाई कायद्याने कामावर जखमी झालेल्याला, तो बरा होईपर्यंत ठरावीक मुदतीने पैसे देण्याचे तत्त्व आणले, पण ते रेल्वे, कारखाने, खाणी अशा यादीतील कामांपुरते होते आणि भातशेतीतील मजूर त्याच्या बाहेरच राहिला. मुंबई इलाख्यात १९२९ मध्ये झालेल्या प्रसूतिलाभ कायद्याने बाळंतिणीच्या विश्रांतीला कारखान्यापुरती का होईना मजुरी जोडली. दुसरीकडे बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी उत्तर कोकणात १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला काम करताना ओळखले की, थोरले मूल शाळेत येत नाही कारण धाकटे त्याच्या कडेवर आहे. म्हणून त्यांच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आल्या. त्याच उत्तर कोकणातील वारली पाड्यांवर मिळालेले हे ज्ञान कर्जतच्या ठाकरवाडीला आणि कातकरवाडीला तंतोतंत लागू पडते. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडी गावोगाव नेली, आणि महाराष्ट्राच्या १९७७च्या रोजगार हमी कायद्याने मागेल त्याला काम हे तत्त्व मान्य केले.

मूल आणि दुखापत हे दोन शब्द एका पानावर आले ते २००५च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत. कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळण्यासाठी एका बाईला नेमून तिला मजुरी द्यावी. काम करताना मजूर जखमी झाल्यास उपचार मोफत व्हावेत आणि रुग्णालयात राहावे लागल्यास त्या दिवसांसाठी किमान निम्म्या मजुरीइतका भत्ता मिळावा. एवढेच नव्हे, तर मजुराबरोबर आलेले मूल जखमी झाले तर त्याचेही उपचार मोफत व्हावेत, असे त्यात लिहिले गेले. मूल सांभाळणे हे मजुरीचे काम आहे, हे घाटाच्या पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या अनुभवलेले सत्य या तरतुदीमुळे कायद्याच्या भाषेत आले, आणि म्हणूनच अंमलबजावणीतील उणिवा धरूनही तिचे मोल मोठे आहे.

आज कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आणि कशेळ्याला ग्रामीण रुग्णालय आहे, २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, आणि कामट्यांची जागा बव्हंशी प्लास्टरने घेतली आहे. तरीही डोंगरावरच्या काही वाड्यांतून रुग्णवाहिकेपर्यंतची वाट झोळीनेच उतरावी लागते. ही वाट उतरताना चार माणसे खांदा देतात, हा गावाचा मोठेपणा आहे आणि तो जपला पाहिजे. त्याच वेळी मागे राहिलेली दुसरी झोळी कोणी हलवायची, हेही गावाने, दवाखान्याने आणि कायद्याने आपले काम मानले पाहिजे. जखमी आईला किंवा बापाला कुठे दुखते, केव्हा पडलात, असे विचारून झाल्यावर लेकरू कोणापाशी ठेवून आलात, हेही केसपेपरवर लिहून घेतले जाईल आणि त्या उत्तराप्रमाणे मदत धाडली जाईल, तेव्हा डॉक्टरने सांगितलेली सहा आठवड्यांची विश्रांती या खोऱ्यातल्या माणसाला खरोखर घेता येईल.