ओळखीचा डॉक्टर

१८८६ साली कोल्हापूर दरबारनं एका डॉक्टरीणबाईंची नेमणूक केली. नाव डॉ. आनंदीबाई जोशी, आणि जागा आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातल्या स्त्रियांच्या विभागाची. बाई तेव्हा एकवीस वर्षांच्या होत्या. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांना एम.डी. मिळाली होती. ज्यांच्या राज्यात ही नेमणूक झाली त्या शाहू महाराजांना दत्तक येऊन दोनच वर्षं झाली होती, वय बारा. नोव्हेंबरात आनंदीबाई मुंबईला उतरल्या तेव्हाच क्षयानं खंगलेल्या होत्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. कोल्हापूरच्या वॉर्डात त्यांच्या हातून एकही बाई तपासली गेली नाही.

आनंदीबाईंचं चरित्र आपण शाळेपासून ऐकतो, पण त्या कोल्हापुरात राहून गेल्या होत्या हे चटकन आठवत नाही. त्यांचे पती गोपाळराव पोस्टात कारकून. बदली होईल तिकडे बिऱ्हाड उचलायचं. कोल्हापूर हे त्या बदल्यांमधलंच एक गाव. बायकोच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनच्या लोकांशी त्यांचा संबंध आला तो इथं. रॉयल वाइल्डर या मिशनऱ्यांनी १८५०च्या दशकात कोल्हापुरात मिशन उभं केलं होतं आणि पुढे मायदेशी परतल्यावर ते मासिक चालवत होते. गोपाळरावांशी झालेला पत्रव्यवहार त्या मासिकात छापून आला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटरबाई दाताच्या डॉक्टरकडे आपला नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या, तेव्हा तो अंक त्यांच्या हाती पडला. आनंदीबाईंची अमेरिकेची वाट त्यातून निघाली.

मी पोस्टात आयुष्य काढलेली बाई. अकोल्याहून बदली होऊन कोल्हापुरात आले ती इथलीच झाले. त्यामुळे आनंदीबाईंची गोष्ट मला नेहमी बदलीवाल्या घराची गोष्ट वाटत आली आहे. चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं, वेळेवर औषधपाणी मिळालं नाही म्हणून. परक्या गावात मूल तापानं फणफणलेलं असताना कुणाचं दार ठोठावायचं हे ज्यांना ठाऊक नसतं, त्यांना त्या बाईंचा डॉक्टर होण्याचा हट्ट वेगळा समजावून सांगावा लागत नाही. नव्या गावात भाड्याचं घर मिळतं, दूधवाला मिळतो, शाळेत नाव घातलं जातं. डॉक्टर मात्र शेवटी मिळतो, आणि बहुतेक वेळा रात्री.

आम्ही मंगळवार पेठेत एका जुन्या घराच्या माडीवर राहायचो. पहिल्याच पावसाळ्यात धाकटीला ताप भरला. पोस्टातल्या साहेबांनी बसस्टँडजवळच्या एका दवाखान्याचं नाव सांगितलं होतं, पण खाली घरमालकीण मामींनी पायरीवरच अडवलं. "वहिनी, तिकडं कशाला जाताय पावसाचं? आमच्या डॉक्टरांकडं चला. मी येतो संगं." मामी 'मी येतो' असंच म्हणायच्या, जुन्या कोल्हापुरी बायकांसारख्या. डोक्यावर पदर घेऊन, हातात रिकामी धुतलेली बाटली घेऊन त्या पुढे निघाल्या. दवाखान्यात कंपाउंडरनं पहिला प्रश्न केला तो "काय होतंय" हा नव्हता. "कुणाच्यातलं?" असं त्यानं विचारलं. मामी म्हणाल्या, "आमच्यातलंच. माडीवरचं बिऱ्हाड." झालं. आम्ही कोल्हापूरचे झालो.

डॉक्टर सत्तरीकडे झुकलेले, पाटीवर एल.सी.पी.एस. मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची ही पदविका. संस्था १९१२ची. एम.बी.बी.एस.ला जायला पैसा किंवा जागा नसलेली कितीतरी हुशार मुलं त्या काळी हा मार्ग धरून डॉक्टर झाली आणि गावोगावी पेठांत बसली. त्यांच्याबरोबरीनं आयुर्वेदाच्या विद्यालयातून आलेले, जी.एफ.ए.एम.वाले. आज या अक्षरांचा अर्थ नातवंडांना विचारला तर सांगता येत नाही, पण शहराची प्रकृती दोन-तीन पिढ्या या लोकांनी सांभाळली.

त्यांचं टेबल अजून डोळ्यांपुढे आहे. स्टीलच्या भांड्यात उकळत ठेवलेली काचेची सिरिंज, त्याच्या वाफेचा आणि स्पिरिटचा एकत्र वास. मागे लाकडी फळीच्या खिडकीत कंपाउंडर. मोठ्या बरण्यांमधून तो मिक्श्चर ओतायचा, आणि मग कागदाची लांब पट्टी दुमडून कात्रीनं कडेला त्रिकोणी खाचा पाडून ती बाटलीला खळीनं चिकटवायचा. एक खाच म्हणजे एक डोस. ज्याला लिहिता-वाचता येत नव्हतं त्यालाही औषध किती उरलं ते बाटलीकडे बघून कळायचं. पुड्या वेगळ्या, खलात घोटलेल्या.

आणि एक जाडजूड वही. त्या वहीत पान माणसाचं नसायचं, घराचं असायचं. सासऱ्यांचा दमा, सुनेचं बाळंतपण, पोराची कावीळ, सगळं एका पानावर, वेगवेगळ्या शाईत. आमच्या धाकटीचा ताप डॉक्टरांनी मामींच्या पानावर लिहिला. पुढे कधीतरी आम्हाला आमचं पान मिळालं. पण त्या पहिल्या नोंदीचा फायदा मला नंतर कळला. मामींच्या घरात कुणाला गोवर निघाला की डॉक्टर आपणहून विचारायचे, "माडीवरच्या मुली कशा आहेत?" एकाच छपराखालची माणसं ते एका पानावर वाचत होते. आजच्या फायली आजाराप्रमाणे लागतात, हृदयाची इकडे, हाडाची तिकडे. ते पान ज्याच्याजवळ असायचं त्याला फॅमिली डॉक्टर म्हणावं, असं माझं मत आहे.

ही रीत इथं रुजली कशी, ते शोधताना मी मागे मागे गेले. कोल्हापूर पैलवानांचं गाव. खांदा निखळला, घोटा मुरगळला तर पहिला हात वस्तादाचा. तालमीतला वस्ताद तेल लावून सांधा बसवायचा, आणि पेठेतली इतर माणसंही त्याच्याचकडे जायची. बाळंतपणाला सुईण, पोटाला वैद्य. ही सगळी माणसं पेठेतलीच, त्यांना तुमचं घराणं ठाऊक. पेठेबाहेरचा माणूस आजारी पडला तर मात्र तो उघड्यावर पडायचा.

मग १८८०च्या दशकात आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल उभं राहिलं. प्रिन्स ऑफ वेल्सच्या नावाचं, काळ्या दगडाचं, नव्या राजवाड्याचा आराखडा करणाऱ्या मेजर मँटच्या काळातल्या इमारतींच्या पंक्तीतलं. लोकांनी त्याला थोरला दवाखाना म्हटलं. आजही जुनी माणसं सीपीआरला, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाला, तसंच म्हणतात. दार सगळ्यांना उघडं होतं. पण दार उघडं असणं आणि आत हात धरणारं कुणी असणं यात अंतर होतं, आणि हे अंतर सर्वांत जास्त बायकांना जाणवायचं. पुरुष डॉक्टरपुढे उभं राहायचं नाही, नवऱ्यानं जाऊन दुखणं सांगायचं, आणि त्यानं आणलेलं औषध घ्यायचं. त्याच काळात, १८८५ साली, लेडी डफरिन यांच्या नावानं देशभर स्त्री-डॉक्टरांसाठी फंड निघाला होता. दरबारनं आनंदीबाईंना बोलावलं ते या गरजेपोटी.

ती जागा खऱ्या अर्थानं भरली डॉ. कृष्णाबाई केळवकरांनी. त्यांच्या आई रखमाबाई केळवकर संस्थानातल्या मुलींच्या शिक्षणाचं काम पाहत. शाहू महाराजांनी लेकीच्या शिक्षणाला हात दिला, मुंबईच्या ग्रँट मेडिकलमधून ती डॉक्टर झाली आणि १९०२ साली थोरल्या दवाखान्यात रुजू झाली. पुढे प्रसूतिशास्त्राच्या अभ्यासासाठी महाराजांनी तिला डब्लिनला पाठवलं. १९०२! त्याच वर्षीच्या जुलैत महाराजांनी नोकऱ्यांतल्या पन्नास टक्के जागा मागासलेल्यांसाठी राखून ठेवल्या. त्या हुकमाची चर्चा शंभर वर्षं होते आहे, आणि व्हायलाच हवी. कृष्णाबाईंच्या नेमणुकीची व्हायला हवी तितकी होत नाही. अंबाबाईच्या गावात एका बाईला दुसऱ्या बाईकडून तपासून घेता येऊ लागलं, हे माझ्या लेखी छोटं नाही.

जातीचं दार त्याहून जड होतं. १९१९ साली महाराजांनी हुकूम काढले की सरकारी इमारती, धर्मशाळा, पाणवठे, दवाखाने इथं अस्पृश्यता पाळायची नाही, आणि ज्या नोकराला हे मान्य नसेल त्यानं नोकरी सोडावी. दवाखान्याचा उल्लेख का करावा लागला हे समजायला एक गोष्ट सांगते. ती कोल्हापूरची नाही, काठेवाडातली आहे, १९२९ची, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींच्या लिखाणात तिची नोंद ठेवली आहे. एका अस्पृश्य शिक्षकाची बायको बाळंतपणानंतर तापली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. शेवटी आला तो या अटीवर की बाईला वस्तीबाहेर आणायचं. थर्मामीटर त्यानं एका मुसलमान माणसाच्या हाती दिलं, त्यानं ते नवऱ्याला दिलं, नवऱ्यानं बायकोला. परतही त्याच वाटेनं. डॉक्टरनं तिला हात लावला नाही. न्यूमोनिया झाल्याचं सांगून औषध दिलं आणि नंतर पुन्हा यायला नकार दिला. बाई गेली. शिकलेला डॉक्टर होता, फी घेतली होती. शाहू महाराजांचा हुकूम याच्या दहा वर्षं आधीचा आहे, हे ध्यानात घेऊन तो वाचावा.

मिरजेचं नाव घेतल्याशिवाय कोल्हापूरच्या डॉक्टरांची गोष्ट पुरी होत नाही. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉन्लेस १८८९ साली या भागात आले, १८९४ मध्ये मिरजेत त्यांचं हॉस्पिटल सुरू झालं. त्याआधी तीन वर्षं, १८९१ साली, मिरज-कोल्हापूर रेल्वे धावू लागली होती. मोठं ऑपरेशन म्हटलं की रुग्णाला गाडीत घालून मिरजेला न्यायचं. आमच्या पेठेत 'मिरजेला नेलंय' असं कुणी सांगितलं की समोरचा आवाज खाली घेऊन बोलायचा. पण मिरजेला कधी न्यायचं, हे ठरवायचा पेठेतला डॉक्टर. त्याची चिठ्ठी घेऊन माणूस जायचा. थोरल्या वैद्यकापर्यंत पोचायची वाट धाकट्या दवाखान्यातून होती.

परके म्हणून पाच हजार माणसं एकदम आली ती १९४३ साली. पोलंडमधली घरं सुटलेली, रशियाच्या थंडीत हाल काढून इराणमार्गे हिंदुस्थानात पोचलेली, बहुतेक बायका आणि मुलं. कोल्हापूरजवळ वळिवड्याला त्यांची वसाहत झाली. त्यांनी तिथं शाळा काढल्या, चर्च उभं केलं, वसाहतीचं स्वतःचं इस्पितळही होतं. आपल्या भाषेत दुखणं सांगता येईल अशी सोय त्यांनी बरोबरच आणली. मराठीत 'पोटात कळ येते' आणि 'पोटात गोळा येतो' यांतला फरक परदेशी माणसाला कसा सांगणार, तशाच त्यांच्या भाषेतल्या छटाही मराठीत आणता येणार नव्हत्या. १९४८पर्यंत वसाहत मोकळी झाली आणि त्याच जागी सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबं राहायला आली. आज आपण कापड घ्यायला जातो ते गांधीनगर. एकाच बराकीत थोड्याच वर्षांत दोन देशांतली दुखणी येऊन गेली.

आमचे डॉक्टर गेल्यावर त्यांच्या मुलानं दवाखाना काही वर्षं चालवला, मग बंद केला. कंपाउंडरची खिडकी गेली, वही कुठं गेली मला ठाऊक नाही. आता राजारामपुरीत एका गल्लीत जेवढे तज्ज्ञ आहेत तेवढे तेव्हा सबंध शहरात नसतील, आणि त्यांनी कितीतरी जीव वाचवले आहेत, माझ्या यजमानांचाही. तरी गुडघ्याच्या डॉक्टरला मी माझी झोप उडाल्याचं सांगत नाही, आणि तोही विचारत नाही.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत बिहार-ओडिशाची पोरं काम करतात. आमच्या मागच्या खोल्यांत अशीच चौघं राहतात. त्यातल्या एकाला खोकला लागला तेव्हा तो दहा दिवस मेडिकलमधून गोळ्या घेत होता. भट्टीच्या धुळीत राबणाऱ्याचा खोकला गोळ्यांवर भागवायचा नसतो हे त्याला सांगणारं कुणी नव्हतं. मी त्याला आमच्या कोपऱ्यावरच्या तरुण डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. तिथल्या मुलीनं संगणकावर नाव घालताना पत्ता विचारला, त्यानं खोली नंबर सांगितला, मी माझं घर सांगितलं. बाईंनी छाती ऐकली, थुंकी तपासायला थोरल्या दवाखान्यात जायला सांगितलं, कागद दिला. मी त्या कागदाच्या मागे हिंदीत दोन ओळी लिहिल्या: कुठल्या दारातून आत जायचं, कुठल्या खिडकीवर केसपेपर काढायचा, आणि रिपोर्ट घेऊन परत बाईंनाच भेटायचं. पुढच्या सोमवारी तो रिपोर्ट घेऊन गेला, आणि बरोबर खोलीतल्या दुसऱ्यालाही घेऊन गेला, त्याला अंगावर चट्टे उठले होते.