मँगनीज, 1837 आणि सहा महिने

टॉर्चच्या सेलमध्ये मँगनीज डायऑक्साइड असतं. ते जिथून निघतं त्यातली एक खाण आपल्या भंडारा जिल्ह्यात आहे, तुमसर तालुक्यातली डोंगरी बुजुर्ग. तिथली धूळ वर्षानुवर्षं पोटात-छातीत गेली तर काय होतं, हे जगाला बऱ्याच आधी कळलं होतं. 1837 मध्ये स्कॉटलंडच्या कूपर नावाच्या डॉक्टरने मँगनीज दळणाऱ्या कामगारांबद्दल लिहून ठेवलं: पाय लुळे पडतात, चाल बिघडते.

गंमत बघा, त्याच वर्षी इंग्लंडमध्ये प्रीस्टली नावाच्या नोकराचा खटला गाजला. मालाने ओव्हरलोड झालेली गाडी मोडली, याची मांडी मोडली. कोर्ट म्हणालं, मालक जबाबदार नाही!

आपल्याकडे 1923 च्या कायद्याने (लागू 1 जुलै 1924) हा प्रश्नच बदलला. चूक कोणाची हे सिद्ध करत बसायचं नाही; इजा कामामुळे आणि काम करताना झाली का, एवढंच बघायचं. मृत्यू झाला तर अर्धा पगार गुणिले वयाचा आकडा. वय 40, पगार 15,000 असेल तर 7,500 × 184.17, म्हणजे 13,81,275 रुपये. ही रक्कम आयुक्तांकडेच भरायची. ठेकेदाराचा मजूर असला तरी मूळ मालकाकडे मागता येते, मालकाने मग ठेकेदाराकडून वसूल करावी. छानच डिझाइन आहे.

घोळ आजारात आहे. मँगनीजची विषबाधा तिसऱ्या परिशिष्टाच्या 'ब' भागात होती, म्हणजे ती अपघातच धरायची. पण अट अशी की एकाच मालकाकडे सलग सहा महिने काम हवं, दुसऱ्याकडचं मोजायचं नाही. आमच्या भाषेत, मालक बदलला की काउंटर शून्य! समजा दर पाच महिन्यांनी ठेकेदार बदलला. धूळ तीच, फावडं तेच, पण वाद घालायला वकिलाला आयती जागा. बरं, मालकाची बाजूही खोटी नाही. काल आलेल्या माणसाचा जुना आजार त्याने का भरावा?

याचं उत्तर त्याच कायद्यात होतं. सिलिकोसिस 'क' भागात, आणि तिथे अनेक मालक असतील तर आयुक्त सगळ्यांत वाटणी करून देणार. मग मँगनीजला तेच का नाही? मला तरी कारण दिसत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली, सांगाडा बराचसा तोच. तुमसरकडे कोणी ओळखीचं खाणीत असेल तर एवढंच सांगा: प्रत्येक ठेकेदाराची पगाराची स्लिप जपून ठेव, बाबा.