नगरचे ख्रिस्ती कीर्तन आणि ‘देवाचा दरबार’

ख्रिस्ती कीर्तन हा प्रकार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, परिसरात रुजला. तो रुजवणारी माणसे अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतली होती. हे मिशन 1813 मध्ये मुंबईत आले आणि 1831 मध्ये त्याने नगरला ठाणे केले. शाळा, छापखाना, 1842 पासून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक असा पसारा वाढत गेला. पण रविवारच्या उपासनेत गायले काय जाई? बहुतेक इंग्रजी गीतांची भाषांतरे, आणि तीही मूळच्याच चालीवर. इंग्रजी छंद आघातावर चालतो, मराठी पद्य लघु-गुरूंवर किंवा अक्षरांच्या मोजणीवर. त्यामुळे चालीत बसवताना ऱ्हस्व अक्षर ओढावे लागे, दीर्घ अक्षर चेपावे लागे आणि शब्द मध्येच तुटे. ज्याच्या कानावर जन्मापासून ओवी आणि अभंग पडले, त्याला अशा गाण्याचा अर्थ कळे, पण ते ओठांवर बसत नसे.

नगरच्या मंडळीतले कवी कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी 1860 च्या दशकात कीर्तनाची चौकट उचलली. हरिदासी कीर्तनाचे दोन भाग असतात. पूर्वरंगात एखादे वचन घेऊन निरूपण करायचे, उत्तररंगात त्याला धरून आख्यान लावायचे. ख्रिस्ती कीर्तनात वचन शुभवर्तमानातले आले आणि आख्यानाला योसेफ, दानीएल, उधळ्या पुत्र असे विषय आले. बाकी सामग्री ओळखीचीच राहिली: साकी, दिंडी, ओवी, अभंग, मागे टाळ-मृदंगाची साथ, पुढे पेटी-तबलाही. उधळ्या पुत्राचे आख्यान तर कीर्तनासाठीच घडल्यासारखे आहे. वाटणी मागणारा धाकटा, परमुलखातली उधळपट्टी, मग दुष्काळ, डुकरांपुढची टरफले आणि वाटेकडे डोळे लावून बसलेला बाप. ज्या मुलखाने 1876 ते 1878 चा दुष्काळ भोगला, तिथल्या श्रोत्यांना यातला दुष्काळ समजावून सांगावा लागत नव्हता.

उपासना तासाभरात आटोपते. कीर्तन सहज दोन-तीन तास चालते, आणि तेही रात्री, शेताची कामे उरकल्यावर. त्याला चर्चची इमारत लागत नाही. चावडीसमोर किंवा एखाद्याच्या अंगणात कंदील टांगला की भागते. जो माणूस चर्चची पायरी चढणार नाही, तो अंधारात कडेला उभा राहून ऐकू शकतो. कीर्तनाचे खरे बळ इथे होते, आणि मिशनच्या वृत्तांतांतल्या आकड्यांत ते सहजी मावणारे नव्हते.

एरवी मंडळीचे जीवन मिशनच्या आवाराभोवती फिरत असे. दुष्काळानंतर गावोगावी, विशेषतः महार-मांग वस्त्यांत, मोठ्या संख्येने बाप्तिस्मे झाले. शाळामास्तर, उपदेशक, बायबल शिकवणाऱ्या बायका हे सगळे मिशनच्या पगारावर. या पगाराने अनेक घरे उभी केली, मुलींना अक्षरओळख दिली. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच पगाराने धर्म हा नोकरीचा भाग होऊन बसला. देण्याघेण्याचे निर्णय साहेब करणार आणि मंडळी हो म्हणणार, अशी सवय जडली. भक्ती रविवारापुरती आणि सेवा पगारापुरती होण्याचा धोका त्यातच होता.

ही सुस्ती ज्याला सर्वांत जास्त टोचली तो माणूस स्वतः वीसेक वर्षे या व्यवस्थेत राहिला होता. नारायण वामन टिळक यांचा जन्म 1861 चा, रत्नागिरी जिल्ह्यातला, चित्पावन घरातला. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे ते नगरला आले, तिथल्या धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवू लागले आणि 1904 मध्ये त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी काही वर्षांच्या ताटातुटीनंतर 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. मराठी कवितेच्या वाचकांना टिळक ‘फुला-मुलांचे कवी’ म्हणून ठाऊक आहेत, आणि बालकवी ठोंबरे काही काळ त्यांच्याच घरी राहिले होते. पण टिळकांचा मोठा पसारा भजनांचा आहे. ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात त्यांची शंभराहून अधिक पदे आहेत. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायांशी पोचलो, असे ते सांगत. ही केवळ सौजन्याची भाषा नव्हती. त्यांच्या ओवी-अभंगांची घडणच वारकरी वळणाची आहे.

‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादन करतानाही त्यांची लेखणी मिशनऱ्यांच्या मायबापपणावर चाले. पालक म्हणून वर बसू नका, भाऊ म्हणून शेजारी बसा, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. 1917 मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, नगर सोडले आणि साताऱ्याला जाऊन राहिले. स्वतःला ते संन्यासी म्हणवू लागले, तरी घरदार टाकून रानात जाण्याचा हा संन्यास नव्हता. सुटला तो पगार आणि त्याबरोबर येणारा हुद्दा.

साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. येशूला गुरू मानणाऱ्या सर्वांचे ते एक कुटुंब असावे, मग त्यांचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, ही त्यामागची कल्पना. अट एकच, ती निष्ठेची. मंडळीच्या वहीत नाव असलेला पण मनाने गैरहजर माणूस, आणि वहीबाहेरचा पण मनाने हजर माणूस, यांत दरबाराने दुसऱ्याला जवळ केले. मिशनच्या दृष्टीने हे अवघड होते, कारण बाप्तिस्मा हीच त्याची सीमारेषा होती. हिंदू समाजालाही ते सोपे नव्हते. ज्याला ख्रिस्त आवडतो पण ख्रिस्ती व्हायचे नाही, अशा माणसाची दरबारात निदान नीट दखल तरी घेतली जाई.

प्रयोगाला वेळच मिळाला नाही. 9 मे 1919 रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह पुरला नाही, दहन केले आणि अस्थी नगरला आणल्या. ख्रिस्ती पाळकाच्या बाबतीत त्या काळी ही गोष्ट अगदीच विरळा होती. त्यांच्यामागे दरबार टिकला नाही. नगर भागात काम करणारे इंग्रज मिशनरी जॅक विन्स्लो यांनी 1922 मध्ये ‘ख्रिस्त सेवा संघ’ हा भारतीय वळणाचा आश्रमसंघ काढला आणि पुढल्या वर्षी टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले. टिळकांचे स्नेही जस्टिन अ‍ॅबट यांनी उतारवयात महिपती आणि इतर मराठी संतांच्या वाङ्मयाची इंग्रजी भाषांतरे केली. धर्मप्रसाराला आलेल्या मिशनऱ्याचे उतारवय संतांच्या ओव्यांत जावे, हा प्रवास उलट्या दिशेचा वाटला तरी नगरच्या वातावरणात तो नवलाचा नव्हता.

टिळकांनी 1909 मध्ये ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य हाती घेतले होते, पण दहा-अकरा अध्यायांपलीकडे ते गेले नाही. शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी, ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या त्याच लक्ष्मीबाईंनी, उरलेले बहुतेक अध्याय लिहून काढले. त्या स्वतः कीर्तनेही करीत. त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, 1938 मध्ये, ‘ख्रिस्तायन’ ग्रंथरूपात आले.